बैलाचे दात, क्राउनचे दात

उसाचा हंगाम उतरला की आमच्याकडे माती-मुरमाची कामं जोर धरतात. शेततळी, रस्ते, कारखान्यांची दुरुस्ती. पोकलेन, रोलर, क्रेन इकडून तिकडं हलवायचे दिवस येतात आणि सगळ्यांना एकदम लोबेड, म्हणजे अवजड मशिनं वाहणारा बुटका ट्रेलर, आठवतो. या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी त्याचीच आहेत. मोटरसायकलवाल्यांनी आणि बोलेरोवाल्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवली आहेत. नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण एकानं मालकाविरुद्ध लिहिलंय आणि एका आईनं मुलाच्या नकळत.

प्रश्न : माझ्याकडे वीस टनी पोकलेन आहे, दिवाळीपर्यंत तीस टनी घ्यायचा विचार आहे. दर वेळी भाड्याच्या लोबेडवाल्याची वाट बघून कंटाळलो. जुना घोडा (ट्रेलर ओढणारं पुढचं तोंड) आणि लोबेड घ्यावा म्हणतो. दलालानं दोन घोडे दाखवले. एक फोर बाय टू (इंजिन मागच्या एकाच ॲक्सलला फिरवतं), सहा चाकी, कंटेनर ओढलेला, चकाचक. दुसरा सिक्स बाय फोर (मागच्या दोन्ही ॲक्सलना फिरवतं), दहा चाकी, खाणीकडून आलेला, रंग उडालेला. दोन्ही तीनशे एचपीचे. दलाल म्हणतो, एचपी सारखा तर ताकद सारखी, चांगला दिसतो तो घ्या. कुठला घेऊ?
— मातीकामाचे एक ठेकेदार, निपाणी

आण्णा, आधी घरची एक गोष्ट सांगतो. माझे वडील बैल घ्यायला चिंचलीला जायचे, मायाक्काच्या जत्रेत. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा सोबत गेलो. एक पांढराशुभ्र खिलार, शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगूरमाळ. मी तिथंच खिळलो. वडिलांनी शिंगांकडं बघितलंसुद्धा नाही. जबडा उघडला, बोट फिरवलं, "जुळलाय" म्हणाले आणि पुढं निघाले. जुळलाय म्हणजे सगळे दात आलेला, वय झालेला. विकणाऱ्यानं त्याला धुऊन-पुसून चार वर्षांनी तरुण केला होता.

तुमच्या दलालानं तुम्हाला शिंगं दाखवलीत. दात मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या लोखंडी घरात आहेत.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून निघून शेवटी क्राउन-पिनियनला येतो, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांच्या जोडीला. पिनियनला ६ दात आणि क्राउनला ३७ असतील तर रेशो ६.१७. म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचे, गिअरबॉक्सकडून मागं येणाऱ्या दांड्याचे, सहाच्या वर वेढे झाले की चाक एकदा फिरतं. ७ आणि ४१ असतील तर ५.८६. कंटेनर घेऊन हायवेवर पळायच्या गाडीला याहून लहान आकडाही देतात, म्हणजे इंजिन सावकाश फिरतं, गाडी पळते आणि डिझेल वाचतं. खाणीच्या गाडीला मोठा आकडा असतो, कधी चाकाच्या हबमध्येसुद्धा आणखी एक गिअरचा संच बसवलेला असतो. एचपी दोघांनाही तीनशेच. पण एकाला पळायला शिकवलंय आणि एकाला ओढायला.

आता तुमचं वजन मांडू. पोकलेन वीस टन, लोबेड दहा-अकरा टन, घोडा नऊ-दहा टन. चाळीस झाले. तीस टनी मशिन घेतलं की पन्नास. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारनं ॲक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या, त्या अशा: पुढच्या स्टेअरिंगच्या ॲक्सलवर ७ टन, मागच्या चार चाकांच्या एका ॲक्सलवर ११.५, जोडीच्या दोन ॲक्सलवर २१, तिघांच्या संचावर २७. सहा चाकी घोडा आणि जवळजवळच्या तीन ॲक्सलचा ट्रेलर म्हणजे ७ अधिक ११.५ अधिक २७, एकूण ४५.५ टन. दहा चाकी घोड्याला तोच ट्रेलर लावला तर ५५. म्हणजे आजच्या मशिनला तुमचा चकाचक घोडा पुरेल आणि दिवाळीनंतर पुरणार नाही. इथंच खरं तर उत्तर संपलं, पण दलाल तुम्हाला गाठून "ओढतोय की, काय होतंय" म्हणणार, म्हणून पुढचंही सांगतो.

ओढायला नुसतं इंजिन लागत नाही, चाकाखालची पकडही लागते. कोरड्या डांबरावर ढकलणाऱ्या चाकांवर जेवढं वजन, त्याच्या निम्म्याहून जास्त ओढ मिळते. पावसात ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. सहा चाकी घोड्याच्या ढकलणाऱ्या ॲक्सलवर ११.५ टन, म्हणजे भिजलेल्या रस्त्यावर चार टनांची ओढ, फार तर. शंभर मीटरला दहा मीटर चढ असेल तर ४५ टनांची गाडी वर न्यायला पाच टनांची ओढ पाहिजे. एक टन कमी पडतो. तो इंजिन देऊ शकत नाही, एक्सलेटर दाबला तर चाक जागेवर फिरतं आणि टायर जळतो. दहा चाकीला दोन्ही ॲक्सल ढकलतात, २१ टनांवर सात टनांची ओढ मिळते. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावरून मशिन वर काढलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो आकडे न मांडता हेच सांगेल. आणि तुमचं मशिन काही हायवेवर उतरवायचं नसतं, शेताच्या बांधाला नाहीतर डोंगराच्या कडेला उतरवायचं असतं.

तिसरं, चढावर थांबलेली गाडी उचलणं. इथं पहिला गिअर आणि क्राउन यांचा गुणाकार बघायचा. सहा गिअरच्या बॉक्सचा पहिला साधारण नऊच्या घरात असतो, नऊ गिअरच्या बॉक्सचा क्रॉलर, म्हणजे सगळ्यात हळू गिअर, बाराच्या पुढं. नऊ गुणिले ५.८६ म्हणजे ५३. साडेबारा गुणिले ६.१७ म्हणजे ७७. क्लच सोडताना इंजिन ७०० न्यूटन-मीटर देतंय असं धरलं तर पहिल्या गाडीच्या चाकाला पावणेसात टनांची ओढ येते, दुसरीच्या जवळजवळ दहा टनांची. ५५ टनांना त्या दहाच्या चढावर हलायलाच सहा टनांच्या वर लागतात. पहिली हलेल, पण क्लच अर्ध्यावर धरून, वास सोडत. दोन पावसाळ्यांत क्लच प्लेट बदलायला तुम्ही माझ्याकडेच याल. माझा धंदा आहे, मी नाही म्हणणार नाही.

एक सावधगिरी. पूर्वी गाडीच्या नावात ४९, म्हणजे ४९ टन, दिसलं की माणूस डोळे मिटून दहा चाकी समजायचा. आता ट्रेलरच्या ॲक्सलची मांडणी बदलून फोर बाय टू घोडाही ५५ टनांत येतो, टाटाची सिग्ना ५५३० तशी आहे. पक्क्या रस्त्याच्या मालाला ती उत्तम गाडी. तुमच्या कामाला नाही. तसंच दहा चाकं दिसली म्हणजे सिक्स बाय फोर असंही नाही, सिक्स बाय टू मध्ये एक ॲक्सल नुसतं वजन उचलायला असतो. खाली वाकून बघा, दोन्ही हाऊसिंगला शाफ्ट गेलाय का.

रेशो कसा ओळखायचा? हाऊसिंगवर पट्टी असते, पण जुन्या गाडीची पट्टी गेलेली असते नाहीतर हाऊसिंगच दुसऱ्या गाडीचं असतं. मी खडू वापरतो. सपाट जागी टायरवर एक रेघ, प्रॉपेलर शाफ्टवर एक रेघ. गाडी न्यूट्रलमध्ये दुसऱ्या गाडीनं हळू ओढायची आणि बाजूला उभं राहून बघायचं, टायर एकदा फिरेपर्यंत शाफ्ट किती वेळा फिरला. सहा वेढे आणि थोडं वर, तर तुमचं काम झालं. चार आणि थोडं, तर गाडी पळायची आहे. कुणीही गाडीखाली शिरायचं नाही, पोरांना मोबाइलवर व्हिडिओ काढायलाही खाली पाठवायचं नाही.

तर दहा चाकी घ्या, पण डोळे उघडे ठेवून. खाणीतली गाडी म्हणजे मार खाल्लेली गाडी. हाऊसिंगच्या ड्रेन प्लगला चुंबक असतं, तो काढून बघा. बारीक काळा लेप असेल तर ठीक, चमकणारे कण किंवा तुकडे असतील तर क्राउनचे दात गेलेत. फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या तव्याच्या, आजूबाजूला चासीला वेल्डिंग दिसलं, तर कितीही स्वस्त असो, नको म्हणा. रंगाचं काय, तो ऑटोनगरात आठवड्यात होतो.

प्रश्न : गाड्यांच्या नावातले आकडे म्हणजे काय?
— डिप्लोमाचा एक विद्यार्थी, बेळगाव

बाळ, पुढचे दोन म्हणजे एकूण वजन टनात, मागचे दोन म्हणजे एचपी, शेवटचं शून्य गाळून. ५५३० म्हणजे ५५ टन, ३०० एचपी. लेलँडची ५५२५ म्हणजे २५०, भारतबेंझची ५५२८ म्हणजे २८०. मी क्लीनर म्हणून ज्या गाडीवर लागलो ती १२१०. बारा टन आणि शंभराच्या थोडं वर एचपी. हिशोब कर, त्या गाडीला टनाला आठ-नऊ एचपी मिळायचे. आजच्या ५५३० ला साडेपाच. मग ती चढते कशी? पुढचं पत्र वाच.

प्रश्न : मी लोबेडवर ड्रायव्हर आहे. गाडी २५० एचपीची, मशिन धरून पन्नास टन होतं. वंटमुरी घाटात गाडी ताशी पंधराच्या पुढं जात नाही. मालक म्हणतो मीच ओढत नाही. वर म्हणतो, ६.१७ चा क्राउन काढून ५.८६ चा टाकू, ॲव्हरेजही वाढेल आणि घाटात स्पीडही. खरं काय?
— एक ड्रायव्हर, संकेश्वर

हे पत्र मालकाला दाखवा. नको, मासिकच द्या, पान दुमडून.

एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायची ताकद. चढ शंभराला सात धरू. पन्नास टनांना चढासाठी ३५०० किलोची ओढ, आणि टायर नुसते फिरवायला वजनाच्या साधारण शंभरावा हिस्सा, म्हणजे ५००. एकूण ४०००. आता तुमचे २५० गुणिले ७५ म्हणजे १८,७५०. त्यातला दहावा हिस्सा गिअरबॉक्स आणि हाऊसिंग खातात, उरले १६,८७५. भागिले ४०००. सेकंदाला सव्वाचार मीटर, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. काटा बरोबर तिथंच अडकतोय ना? तुम्ही सगळं इंजिन वापरताय. मालकानं स्वतः बसून चालवली तरी पंधरा, आणि त्यांच्या वडिलांनी चालवली तरी पंधरा. तीनशे एचपीची गाडी तिथं अठरा जाईल. रिकामा लोबेड चाळीसनं चढतो आणि मालकाच्या डोक्यात तो बसलेला असतो.

क्राउन बदलून यातला एकही आकडा हलत नाही. रेशो ताकद तयार करत नाही, ती कुठल्या वेगाला वापरायची एवढंच ठरवतो. घाटातला वेग एचपी ठरवतो. दात ठरवतात ते थांबलेली गाडी उचलणार की नाही, आणि सपाटीला इंजिन किती फेऱ्यांवर फिरणार. सपाटीचं बघू. टायरचा घेर ३.२ मीटर, टॉप गिअर एकास एक, इंजिन १५०० फेऱ्यांवर. ६.१७ ला ताशी ४७ किलोमीटर, ५.८६ ला ४९. दोन किलोमीटरसाठी दोन क्राउन. लोबेडवर वीस टनांचं मशिन बांधलेला माणूस पन्नाशीच्या पुढं पळवत असेल तर त्याच्या क्राउनपेक्षा डोक्याचं बघायला पाहिजे.

दोन क्राउन म्हटलं ते मुद्दाम. सिक्स बाय फोरमध्ये दोन्ही हाऊसिंगचा रेशो एकच पाहिजे. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माती खाऊन शिकलोय. एका मालकानं जुन्या बाजारातून एक हाऊसिंग आणलं, म्हणाला सेम आहे. बाहेरून सेमच होतं. पाऊस होता, गाडी तातडीनं पाहिजे होती, मी दात न मोजता बसवलं. पुढं ६.१७ आणि मागं ५.८६. दोन ॲक्सल एकाच रस्त्यावर, एकाच वेगानं, पण एकाचा शाफ्ट दुसऱ्याहून जास्त फिरायला बघतोय. तो फरक मधल्या डिफरन्शियलला, म्हणजे दोन ॲक्सलमध्ये जोर वाटणाऱ्या गिअरच्या संचाला, सतत पचवावा लागतो. वळणापुरतं काम करायला केलेला भाग चोवीस तास काम करायला लागला. हिरेबागेवाडीच्या पुढं वास यायला लागला, ड्रायव्हरला वाटलं ब्रेक. धारवाड यायच्या आत मधला डिफरन्शियल जाम. त्याचा खर्च मी माझ्या खिशातून भरला, आणि वडिलांची आठवण त्या रात्री फार झाली. बैलाच्या तोंडात बोट घालायला ते लाजले नाहीत, मला कव्हर उघडायचा कंटाळा आला.

याच कारणानं एका ॲक्सलला नवे टायर आणि दुसऱ्याला गुळगुळीत, असंही करू नका. घेर बदलला की तोच प्रकार लहान प्रमाणात होतो. आणि नव्या गाड्यांत रेशो बदलला तर स्पीडचा काटा खोटं दाखवायला लागतो, कंपनीच्या माणसाकडून कॉम्प्युटरला नवा रेशो सांगावा लागतो.

डिझेलबद्दल एवढंच: टायरमधली हवा बघा, एअर फिल्टर बघा, आणि घाट यायच्या आधी गिअर उतरवा. इंजिन घरघरायला लागल्यावर दोन-दोन गिअर एकदम खाली ओढण्यात जेवढं जातं, तेवढं क्राउननं वाचणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा लोबेडवर आहे. मशिनं घेऊन गोव्याकडं उतरतो. घरी आला की कपड्यांना जळका वास येतो. विचारलं तर म्हणतो, ब्रेक तापतात, सगळ्यांचेच तापतात. त्याचा मित्र म्हणाला की हा उताराला न्यूट्रल करतो, डिझेल वाचलं की मालक पैसे देतो. मला गाडीतलं काही कळत नाही. मी त्याला काय सांगू?
— एक आई, खानापूर तालुका

मावशी, तुम्हाला कळतंय, म्हणून तुम्ही लिहिलंय. हे पत्र त्याच्यासमोर टाका, मी त्याच्याशीच बोलतो.

काय रे, न्यूट्रल करूलालास काय?

बस, हिशोब ऐक. तुझी गाडी मशिनासकट चाळीस टन. शंभराला सातचा उतार, त्यातला एक टायर खातात, उरले सहा. म्हणजे २४०० किलोचा धक्का मागून सतत. ताशी चाळीसनं उतरलास तर तो धक्का अडवायला २६० किलोवॉटची उष्णता तयार होते. आईच्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॉटचा असेल. एकशे तीस गिझर एकदम चालू, पाण्याशिवाय, तुझ्या ब्रेकच्या ड्रममध्ये. ताशी पंधरानं उतरलास तर पन्नास गिझर, आणि गिअरमध्ये असशील तर त्यातला मोठा वाटा इंजिन आणि धूर अडवून त्याला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक घेतात. न्यूट्रलमध्ये ते काहीच घेत नाहीत, सगळं ब्रेकच्या लायनरवर येतं.

ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. लायनरही गुळगुळीत होतो. पाय तोच, हवा तीच, पण गाडी थांबत नाही. आणि तेव्हा गिअर टाकायला गेलास तर पन्नास-साठच्या वेगाला खालचा गिअर पडत नाही, दात कर्र करतात आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांतले सगळेच सांगायला उरलेले नाहीत.

डिझेलचं तर तुला कुणीतरी उलटंच शिकवलंय. उताराला गाडी गिअरमध्ये आणि पाय एक्सलेटरवरून काढलेला असेल तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. शून्य. न्यूट्रल केलंस की इंजिनाला स्वतः चालू राहायला डिझेल प्यावं लागतं. म्हणजे तू जीव धोक्यात घालून जास्त डिझेल जाळतोयस. हे मालकालाही सांग, पैसे कशाचे देतोय ते त्याला कळू दे.

काय करायचं: घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, ज्या गिअरमध्ये ही गाडी हाच घाट चढली असती तो गिअर टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक चालू. इंजिनाच्या फेऱ्या जरा वरच ठेवायच्या, लाल पट्ट्याच्या खाली. कमी फेऱ्यांत एक्झॉस्ट ब्रेकला दम नसतो. तरी वेग वाढला तर ब्रेक एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय ठेवून घासत बसायचं नाही. वास आला तर थांबायचं, चाकाला दगड लावायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, तासभर चहा प्यायचा. ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतो. चोर्ला असो नाहीतर अनमोड, अवजड गाड्यांना कधी बंदी तर कधी सूट असते, निघायच्या आधी विचारून घ्यायचं.

मला गाडी शिकवणारे उस्ताद गोकाकचे होते, कानडी. मराठी त्यांना येत नव्हतं, मला तेव्हा कानडी येत नव्हतं. उताराला लागलो की ते एकच शब्द म्हणायचे, "निधान, निधान". मला वाटायचं देवाचं नाव घेतायत, आपल्याकडं निधान म्हणजे ठेवा ना. वर्षभरानं कळलं, कानडीत निधान म्हणजे हळू. मावशी, पोरगा उताराला लागला की फोन करू नका फक्त. बाकी तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा.

प्रश्न : आता ऑटोमॅटिक गिअरचे ट्रक आलेत. चाळीस वर्षं हातानं गिअर टाकले, मशिनावर भरवसा कसा ठेवू?
— एक जुने ड्रायव्हर, चिकोडी

मलाही वाटायचं, हे आपलं काम नाही. मग एकदा व्होल्व्होवर बसलो. बारा गिअर, क्लचचा पायच नाही. भरलेली गाडी चढावर उचलताना त्यानं जे केलं ते मला वयाच्या पस्तिशीत जमत नव्हतं. क्लच अर्ध्यावर धरून ठेवायची आपली सवय त्याला नाही, हा मोठा फायदा. दोन ठिकाणी मात्र त्याच्यावर सोडू नका. उताराला लागायच्या आधी हातानं गिअर पक्का करा. आणि लोबेड चढावर इंच-इंच मागं घ्यायचा असेल तेव्हा थांबत थांबत घ्या, तिथं आतला क्लच तापतो आणि तुम्हाला पायाला कळत नाही. बाकी, दादा, गुडघे वाचतात हो.

प्रश्न : पोकलेन कागलकडं न्यायचाय. लोबेडवर मशिन बाजूला थोडं बाहेर येतं. परवानगी लागते का? पूर्वी तर कुणी विचारत नव्हतं.
— एक वाचक, कोगनोळी

लागते. रस्त्यावरच्या गाडीची रुंदी, मालासकट, २.६ मीटर. वीस टनी पोकलेनच्या चेना, म्हणजे चाकांच्या जागी असलेले पट्टे, पावणेतीन मीटरच्या वर जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर जादा मापाच्या मालाची परवानगी मिळते, अर्जात दोन्ही राज्यांतला रस्ता टाका. तुम्ही नाक्याला लागून राहता म्हणून तुम्हाला ते घरामागचं वाटतं, पण नाका ओलांडला की राज्य बदलतं. पूर्वी विचारत नव्हते ते खरं, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

रुंदीचं सगळे बघतात, उंचीचं कुणी बघत नाही. लोबेडची पाटी जमिनीपासून मीटरभर, मशिन तीन मीटर, चार झाले. बूम, म्हणजे मशिनाचा हात, नीट दुमडला नाही तर आणखी वर. नव्या हायवेवरच्या मोठ्या पुलांखाली साडेपाच मीटर उंची ठेवतात, पण सगळेच पूल तसे नसतात, आणि गावात शिरलात की जत्रेची कमान, विजेच्या तारा, लग्नाचा मांडव. मी एकदा एका गावच्या स्वागत कमानीखालून बूम दोन बोटांनी वाचवला आणि परत येताना वाचवला नाही.  परतीला दुसरं, जुनं, मोडकं मशिन आणायचं होतं, त्याचा बूम पूर्ण बसत नव्हता. जाताना मोजलं होतं, येताना मोजलं नाही. गावकऱ्यांनी जेवू घातलं आणि मग पैसे मागितले. बरोबरच होतं त्यांचं.

बांधणीचं थोडक्यात. लोखंडाच्या पाटीवर लोखंडाची चेन साबणासारखी सरकते, म्हणून पाटीवर लाकडी फळ्या पाहिजेत आणि चेनांतली माती खरवडलेली पाहिजे. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, दोन पुढं ओढणाऱ्या, दोन मागं. पाचवी बूम-बकेटला. वरचा भाग फिरू नये म्हणून मशिनाचं स्विंग लॉक लावा. पाच किलोमीटर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा आवळा, पहिल्या पाचात त्या हमखास सैल होतात. दोरखंडानं बांधलेलं मशिन दिसलं तर मी त्या लोबेडच्या मागं गाडी चालवत नाही.

उंची मोजायला मी साडेचार मीटरचा बांबू केबिनवर बांधायचो, टोकाला तांबडं फडकं. अनोळखी गावात क्लीनर तो घेऊन पुढं चालायचा. तारांजवळ मात्र बांबू नको, ओला असो की वाळलेला, तिथं खाली उतरून नजरेनं बघा आणि लाइनमनला बोलवा. माझा तो बांबू अजून आहे. हल्ली घरी शेवग्याच्या शेंगा काढायला वापरतात.